गडग्यावरची तुळस

दारात येऊन बसलात की उठायचं नाव नाही. आजोबा गोष्ट सांगा, आजोबा गोष्ट सांगा. आणि नुसती गोष्ट नको, बोध असलेली पाहिजे म्हणे. बोधाचं नाव काढलं की तुम्ही जांभया देता, हे मला ठाऊक नाही का? सुनेनंही सांगून टाकलं, सांगितल्याशिवाय चहा मिळणार नाही. म्हणजे माझ्या चहावर तुमची गोष्ट. बरं. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा भारी शब्दांची वाट बघू नका. आणि मधेच कोणी "मग?" म्हणायचं नाही.

एका गावात एक शिंपी होता. नाव धर्मा. हाताला सफाई होती, पण एक पाय अधू झाला होता. पूर्वी बाजारोबाजार फिरून शिवायचा, ते पाय गेल्यावर सुटलं. आता एका जागी बसून शिवता येईल असं घर त्याला हवं होतं, आणि लंगड्या शिंप्याला घर द्यायला कोणी पुढं येत नव्हतं.

त्या गावात हणमंत पाटलाचं एक घर रिकामं पडलं होतं. पाटलाची स्वतःची दोन मजली उंच माडी, आणि तिच्या पाठीला पाठ लावून हे बुटकं घर. शेजारी शेजारी दोन खोल्या, दार उत्तरेला. दारापुढं लहानसं अंगण. दाराच्या अगदी समोर दगडी वृंदावन, आणि अंगणाच्या पलीकडच्या कडेला कमरेएवढा दगडांचा गडगा.

पाटील म्हणाला, "भाडं नको मला. माझ्या घरचं शिवणटिपण कर, झालं. उत्तरेला तोंड आहे घराचं. कुबेराची दिशा! नशीब काढशील. अट एकच. वृंदावनातली तुळस पुढच्या तुळशीच्या लग्नाला जिती पाहिजे. माझ्या जागेत तुळस वाळली की त्या माणसांत खोट आहे असं मी समजतो. असली माणसं मला नकोत."

धर्माला वाटलं, तुळस काय, पाणी घातलं की वाढते. त्यानं मान डोलावली. त्याची बायको अंबू मात्र विचारून बसली, "आधीच्यांची जगली होती का?"

पाटलानं ऐकलं नाही. बायकांनी विचारलेलं त्याला ऐकू येत नसे.

मार्गशीर्षात दोघं राहायला आली. घर गार, अंगण गार. दुपारी बारा वाजता अंबू अंगणात उभी राहिली तर अंगावर काटा आला. सगळीकडं सावली. ऊन होतं ते फक्त पलीकडच्या गडग्याच्या डोक्यावर. तिथं एक मांजर ऐसपैस पडलं होतं. अंबूनं मांजराकडं बघितलं आणि मनात म्हणाली, या घरात अक्कल एवढ्या एकालाच दिसते.

थोड्या दिवसांनी तिच्या हातातली काचेची बांगडी फुटली. शेजारच्या चिमाक्काला तिनं विचारलं, "चिमाक्का, इथं कासारीण कुठं राहते?"

चिमाक्कानं तोंड वाकडं केलं. "आहे एक. गिरजा. पण तिच्याकडून कोणी भरत नाही. आम्ही बाजाराच्या गावाला जातो."

"का?"

"तुझ्याच घरात राहायची ती. तिच्या हातानं तुळस मेली. पाटलानं काढलं बाहेर. ज्या हातानं तुळस मरते, त्या हातानं सवाष्णीनं चुडा भरायचा? तूच सांग."

अंबू सरळ गावकुसाकडं गेली, गिरजाचं खोपट शोधलं आणि हात पुढं केला. गिरजा आधी हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोणाची गं तू?"

"शिंप्याची. तुझ्या आधीच्या घरात राहते."

गिरजानं पेटारा ओढला. बांगड्या भरता भरता अंबूनं विचारलं, "गिरजाबाई, तुळस मेली ती कशी मेली?"

"कशी म्हणजे? मेली. नशीब माझं."

"नशीब राहू दे. सुकली, कुजली, का कीड लागली?"

असं गिरजाला कोणी विचारलंच नव्हतं. ती थांबली. आठवून आठवून बोलायला लागली. "भादव्यापर्यंत गुडघ्याएवढी झाली होती बघ. काळीभोर. दसऱ्यापासून पानं गाळायला लागली. मी पाणी वाढवलं, तशी जास्तच गाळली. दिवाळीला नुसत्या काड्या. माझ्या आधी घिसाडी राहायचा तिथं. त्याचीही दसऱ्यालाच बसली, असं त्याची बायको म्हणायची."

"दसऱ्यालाच का?"

"आता हे मला काय माहीत, बाई?"

अंबू घरी आली ती हा प्रश्न घेऊन. माणसाची खोट असती तर चैत्रात पण मारली असती, श्रावणात पण मारली असती. खोट दसऱ्याचा मुहूर्त बघून थोडीच येते?

चिमाक्काला हे समजलं तेव्हा ती हसली. "अगं, कशाला डोकं शिणवतेस? लग्नाच्या आदल्या दिवशी जुनी उपटायची, नवी खोचायची. पाटील काय पानं ओळखतो? गिरजा भोळी, तिला सुचलं नाही."

"पण मग ती मरते का, हे कसं कळणार?"

"कळून करायचंय काय?"

अंबूला फक्त कळून घ्यायचं होतं. काही माणसांना ही खाज असते. तिला औषध नाही.

शिंप्याच्या घरात चिंध्यांना काय तोटा? अंबूनं बाभळीच्या काड्या तासून खुंट्या केल्या. संक्रांतीला भर दुपारी, जिथं सावली संपत होती आणि ऊन लागत होतं, तिथं तिनं एक खुंटी ठोकली आणि तिला काळी चिंधी बांधली. ती पार गडग्याच्या पायथ्याशी आली. शिमग्याला सावलीची कड मागं सरकत सरकत वृंदावनापाशी आली होती. तिथं लाल चिंधी. पाडव्याला कड दाराच्या पायरीशी. तिथं पिवळी. पुढं सावली घराच्या भिंतीखाली गेली आणि दिसेनाशी झाली. जे अंगण थंडीभर रडत होतं ते उन्हानं भरून गेलं.

आणि ज्येष्ठात एक गंमत झाली. अंगणातल्या रांजणाची सावली रोज दुपारी गडग्याकडं पडायची. ती एके दिवशी उलटी, घराकडं पडली. अंबू धावत आत गेली. "अहो, बाहेर या! सूर्य आपल्या बाजूला आलाय!"

धर्मा लंगडत बाहेर आला. रांजणाकडं बघितलं, वर बघितलं, डोळे चोळले. म्हणाला, "बरं. आता भाकरी टाक." पण त्या दिवशी त्यानं सुद्धा दोनदा बाहेर येऊन रांजण बघितला.

तोवर अंबूनं घराचंही काही बघून ठेवलं होतं. धर्मा आतल्या कोपऱ्यात दिवा लावून शिवायचा. ऊन येत नाही म्हणजे उजेड नाही, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. डाळिंबी चोळीला किरमिजी दोरा लावून बसला होता एकदा. अंबूनं त्याची सतरंजी उचलली आणि उंबऱ्याच्या आत दारात टाकली. "इथं बसा." बसला. तिथं सकाळी जेवढा उजेड तेवढाच दुपारी, तेवढाच चार वाजता. डोळ्यांत ऊन नाही, कापड विटायची भीती नाही. दिवसभर उजेड आपला गुमान उभा. धर्मा म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "आधी मला तरी कुठं माहीत होतं?"

अंगणात तिनं हाताला लागेल ते लावून बघितलं. मिरची नुसतीच उंच वाढली, मिरच्या धरेना. झेंडूनं पाला दिला, फूल नाही. पण न्हाणीच्या पाण्यावर अळू असा माजला की पानं सुपाएवढी. भिंतीच्या कडेला आलं लागलं, हळद लागली, आणि पानवेलीनं तर भिंतच धरली. जे मरायचं ते तिनं मरू दिलं. जे हसलं ते वाढवलं.

तुळशी मात्र तिनं दोन लावल्या. एक वृंदावनात, पाटलाच्या अटीची. दुसरी एका फुटक्या माठात, आणि तो माठ गडग्यावर ठेवला, मांजराच्या जागेवर. बायका पाणी भरायला जाताना हसायच्या. "काय गं अंबू, तुळस कुंपणावर बसवलीस? गुरं राखते का ती?"

"प्रदक्षिणा कशी घालतेस?"

"जागच्या जागी फिरते," अंबू म्हणायची. "देवाला चालतं. तुम्हाला नको चालू दे."

भादव्यात पाटलाची म्हैस आटली. म्हैस म्हातारी होती, आटणारच. पण पाटलाची म्हैस अशी कशी आटेल? चिमाक्का पाटलाच्या दारी गेली आणि म्हणाली, "मी काही बोलत नाही. पण शिंपिणीच्या अंगणात खुंट्या ठोकल्यात. रंगीत चिंध्या बांधल्यात त्यांना. काळी पण आहे."

झालं. पाटील चार माणसं घेऊन आला. चिमाक्का "मी काही बोलले नाही हो" असं म्हणत सगळ्यांच्या पुढं.

"ही करणी माझ्या जागेत?" पाटील ओरडला. "शिंप्या, उचल तुझं सामान!"

धर्माच्या हातातली सुई खाली पडली. "अगं, उपट त्या खुंट्या," तो म्हणाला. "पाय नाही मला. रस्त्यावर कुठवर चालू?"

अंबू खुंट्यांपुढं आडवी उभी राहिली. "उपटा, पाटील. पण कोणती कशाची ते तरी विचारा."

या वेळी पाटलाला ऐकू आलं. चार माणसं ऐकत होती म्हणून आलं असेल. तो म्हणाला, "कशाची?"

"ही काळी संक्रांतीची. भर दुपारी तुमच्या माडीची सावली इथवर होती. ही लाल शिमग्याची. ही पिवळी पाडव्याची. आता सावली परत पाडव्याच्या जागी आलीय. दसऱ्याला सावली लाल चिंधीपाशी येऊन उभी राहील, वृंदावनाच्या बुडाशी. नाही आली तर आम्ही आपल्या पायानं जातो. तुम्हाला हाकलावं लागणार नाही."

पाटील काही मूर्ख नव्हता. मुळात शेतकरी. बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या पिकावर किती पडते, यावरून त्यानं दोन भांडणं मिटवली होती. सावली मोजणं त्याला कळत होतं. फक्त स्वतःची कधी मोजली नव्हती. तो खुंट्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दसऱ्याला बघू," आणि निघून गेला. चिमाक्काला फार वाईट वाटलं. एवढी धावत आली होती ती.

दसऱ्याला दुपारी पाटील एकटाच आला. सोनं द्यायला आलो असं दाखवलं. आपट्याची पानं धर्माच्या हातात दिली आणि तिरका होऊन अंगणात बघितलं. सावलीची कड लाल चिंधीवर होती. कडेला एक गोळा हलत होता. पाटलानं वर बघितलं. त्याच्या माडीच्या आढ्यावर कबुतर बसलं होतं. कबुतर उडालं, आणि खाली लाल चिंधीपाशी सावलीचा गोळाही उडाला.

पाटील तसाच मागं वळला. घरी गेला. कळणं एक असतं पोरांनो, आणि कबूल करणं दुसरं. पहिल्याला डोळे लागतात. दुसऱ्याला काय लागतं ते पुढं ऐका.

वृंदावनातल्या तुळशीनं पानं गाळायला सुरुवात केली. गिरजानं सांगितलं होतं अगदी तसंच. वर गडग्यावरची मात्र उन्हात उभी, मंजिऱ्यांनी वाकलेली. दिवाळी आली, गेली. वृंदावनात काड्या राहिल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी धर्मा बायकोजवळ येऊन बसला. "अगं, ऐक माझं. अट वृंदावनातल्या तुळशीची आहे. गडग्यावरची उचलू आणि इथं लावू. लबाडी कसली त्यात? आपलीच तुळस. आपल्याच हाताची."

अंबूच्या मनात आलं नव्हतं असं नाही. घर जाणार म्हणजे पानवेल जाणार, दारातला उजेड जाणार, आणि नवऱ्याला घेऊन पुन्हा बाजारोबाजार. तिनं माठाकडं बघितलं. उचलायला दोन हात पुरले असते.

"अहो," ती म्हणाली, "बदलली तर आपण राहू. पण मग आपली जगली आणि गिरजाची मेली असंच होईल. तिच्या हाताचा डाग आणखी पक्का होईल. वर्षभर बघून मला जे कळलं, ते मीच पुसून टाकायचं?"

धर्मानं उसासा टाकला. "तुला एकदा काही कळलं की घरात शांती नाही," असं म्हणाला, आणि उठून गुपचूप सामान बांधायला लागला. अंबूनं त्याला थांबवलं नाही. माठालाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव तुळशीची लग्नं लावत होतं. पाटील पाटलीणबाईंना घेऊन शिंप्याच्या अंगणात आला. मागं बायका, त्यांत चिमाक्का. दारासमोर वृंदावन, त्यात वाळक्या काड्या. एक बाई हळूच म्हणाली, "गेली बाई हिची पण."

पाटलानं काड्यांकडं बघितलं. मग गडग्याकडं बघितलं. तिथं तुळस, एवढी डवरलेली, की माठ दिसत नव्हता.

अंबू म्हणाली, "पाटील, अट मोडली. सामान बांधलंय. पण एक सांगा. पाणी दोघींना एकाच हातानं घातलंय. माझ्याच. मग हात वाईट म्हणायचा, का चांगला?"

पाटील वृंदावनापाशी उभा होता, आणि त्याच्या अंगावर त्याच्याच माडीची सावली होती. त्याला तिथं गार वाजलं असणार. त्यानं घसा खाकरला.

"शिंप्या, सामान सोड," तो म्हणाला. "वृंदावन उद्या गडग्यापाशी नेऊन बसवतो. माणसं माझी, दगड माझे."

धर्माच्या जिवात जीव आला. पण अंबू हलली नाही. ती पाटलाकडं बघत उभी राहिली.

"आता काय?" पाटील म्हणाला.

"आमचं झालं, पाटील. गिरजाचं?"

आता बघा, पाटलाला इथून जाता आलं असतं. घर दिलं, वृंदावन हलवतोय, अजून काय पाहिजे? कोणी नाव ठेवलं नसतं. माडी तर त्यानं पाडली नाहीच. कोण पाडतो? पण तो गेला नाही. खाली मान घालून म्हणाला, "कासारणीला बोलवा. पेटाऱ्यासकट."

गिरजा आली. अंगणाच्या बाहेरच थांबली. ज्या अंगणातून काढलं त्यात पाय टाकवेना. पाटील स्वतः गडग्यापर्यंत गेला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "गिरजा, तुझी तुळस माझ्या माडीनं मारली. तुझ्या हातानं नाही. मी तुला नावं ठेवली, गावानं ऐकली. चुकलं माझं."

मग बायकोकडं वळला. "हात दे तिच्या हातात."

पाटलीणबाई पुढं झाल्या, गडग्याजवळ उन्हात बसल्या आणि हात पुढं केला. गिरजाला डोळ्यांतल्या पाण्यामुळं माप दिसेना. तिनं हात चाचपला, बोटं जुळवून बघितली, पेटाऱ्यातून हिरवा चुडा काढला. पाटलीणबाईंचा हात घाबरून आखडला होता. एवढी माणसं बघत होती.

गिरजानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हात सैल सोडा, बाई. काही होत नाही."

तात्पर्य: दुसऱ्याच्या हाताला वाईट म्हणण्याआधी आपली सावली त्याच्या अंगणात कुठवर पडते ते भर दुपारी उभं राहून बघावं, आणि जागा लहान, गार, उत्तरेची असली तरी ती काय मागते हे वर्षभर बघणाऱ्याला ती उपाशी ठेवत नाही. हे सगळ्यांना लागू आहे, पण माझ्या दक्षिणेला तीन मजले चढवून, माझा मोगरा वाळल्यावर चारचौघांत "आजोबा, तुमचा हातच वाईट" असं म्हणालेल्या, आणि अजून माफी न मागितलेल्या माणसाला जास्त लागू आहे, त्याचं नाव वसंत कुलथे.